मूत्रवेग आणि मुंबईची उपनगरे

मूत्राशय पुरेसे भरलेले नसतानाही लघवीची एकाएकी अनावर घाई होणे, दिवसा वारंवार जावे लागणे, रात्री झोपमोड होणे आणि कधी शौचालय गाठण्याआधीच कपडे ओले होणे, या लक्षणसमूहाला वैद्यकात ‘अतिक्रियाशील मूत्राशय’ म्हणतात. इंटरनॅशनल कॉन्टिनेन्स सोसायटीने त्याची रूढ व्याख्या २००२ मध्ये निश्चित केली, आणि जंतुसंसर्ग किंवा अन्य उघड कारण नसेल तरच हे निदान करावे, असे तीत अभिप्रेत आहे. त्रास मात्र नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे तेरा वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मूत्रवेग अग्रभागी आहे. मुंबईच्या उपनगरांची दिनचर्या मात्र नेमका हाच वेग अडवून धरण्याच्या सक्तीवर बेतली गेली.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेकडे पहिली गाडी धावली तेव्हा अंधेरी आणि बोरिवली ही खेडी होती. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेवरची गाडी आली आणि घर एका टोकाला, नोकरी दुसऱ्या टोकाला ही रीत पुढे पक्की होत गेली. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर असून धीम्या लोकलने त्याला तासाहून अधिक वेळ लागतो. मुलुंडकरांची स्थितीही फारशी वेगळी नाही. क्षणभर थांबणारी गाडी आणि उभ्याने जास्तीत जास्त माणसे, या हिशेबात डब्यात शौचालयाला जागा उरली नाही, आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून सुटलेल्या पहिल्या वातानुकूलित लोकलमध्येही ती नव्हती. यावर बायकांनी शोधलेला उपाय म्हणजे घरून निघण्यापूर्वी पाणीच न पिणे. तो घातक आहे, कारण लघवी दाट झाली की मूत्राशयाचा दाह होऊ शकतो, संसर्गाची शक्यता वाढते, आणि जी घाई टाळायची तीच बळावते.

अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. परंतु वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने नळ आणि मलवाहिन्या पोहोचल्या नाहीत. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत सार्वजनिक शौचालय घरापासून दूर, रांगेचे आणि रात्री अंधाराचे राहिले. रात्री तीनदा उठावे लागणाऱ्या बाईला तेथे आजाराइतकेच भय वाटे, आणि ते बोलून दाखवण्याची सोय नव्हती. वय झाले, बाळंतपणे झाली, असे म्हणून हा त्रास घरातच गाडला जाई.

हे मौन मोडण्याचे काम मुंबईत दवाखान्यांपेक्षा वस्त्यांतील बायकांनी अधिक ठळकपणे केले, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. चेंबूर परिसरात मुळे असलेल्या ‘कोरो’ या संस्थेच्या पुढाकाराने २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना त्याच गरजेसाठी पैसे, हा भेद तिने चव्हाट्यावर आणला, आणि मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्यांची मागणी पालिकेपुढे मांडली. मोहिमेतील मुमताज शेख यांचे नाव २०१५ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी रस्त्यांवर स्वच्छ शौचालये पुरवण्याबाबत महापालिकांना निर्देश दिले. ‘लघवी’ हा शब्द सभेत उच्चारणे ज्यांना अशक्य होते, त्यांनी तो निवेदनांत लिहिला, हे धैर्य थोर आहे.

आजाराची माहिती मात्र या चळवळीइतकी वस्त्यांत पोहोचलेली नाही. कूपर किंवा राजावाडीसारख्या पालिका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आरंभी लघवीची आणि रक्तातील साखरेची तपासणी होऊ शकते, कारण संसर्ग आणि मधुमेह यांतूनही हीच लक्षणे उद्भवतात. ती कारणे वगळल्यावर पहिला उपचार औषधाचा नसतो. पाणी आणि लघवी यांच्या वेळांची रोजनिशी, दोन वेळांतील अंतर हळूहळू वाढवण्याचा सराव आणि आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम आधी सुचवले जातात, आणि गोळ्यांचा विचार बहुधा त्यानंतर होतो. पण हा सराव शौचालय हाताशी असलेल्या माणसासाठी रचलेला आहे. मुलुंडहून निघणाऱ्या बाईच्या रोजनिशीत गाडी कोठे बदलते, कोणत्या स्थानकावरचे शौचालय उघडे असते आणि कामाच्या जागी कितीदा उठू देतात, हे रकाने घातल्याखेरीज डॉक्टरांना तिचे ‘अंतर’ ठरवता येणार नाही.