वण आणि धागा

मराठीतला 'वण' हा शब्द संस्कृत 'व्रण' शब्दापासून आला. मात्र वाटेत त्याचा अर्थ सरकला. व्रण म्हणजे जखम, वण म्हणजे ती भरल्यावर उरलेली खूण. या अर्थांतराचे बीज सुश्रुतसंहितेतच आहे. जखम भरून आली तरी तिची खूण देह असेपर्यंत जात नाही, म्हणून तिला व्रण म्हणावे, अशी व्युत्पत्ती सूत्रस्थानात दिलेली आहे.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर 'वण दिसेल का?' असे विचारणाऱ्या रुग्णाला, त्यातही ती स्त्री असेल तर, 'जीव वाचला हे काय कमी?' असे ऐकवले जाते. सुश्रुताला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नव्हता. व्रणाच्या साठ उपक्रमांत त्याने पांडुकर्म, कृष्णकर्म आणि रोमसंजनन यांचाही समावेश केला. भरलेल्या जागेचा रंग आणि केस पूर्ववत करणे हा त्याच्या लेखी चिकित्सेचाच भाग होता.

टाक्यांसाठी त्याने तागाचा व क्षौमाचा धागा, अश्मंतकाची साल, स्नायू, केस, मूर्वा आणि गुळवेलीचे तंतू सांगितले. उदररोगात आतडे उघडावे लागले तर ते काळ्या मुंग्यांच्या डंखांनी सांधावे, मुंग्यांची डोकी तशीच ठेवून पोट बाहेरून शिवावे, असा विधी आहे. आतला टाका विरून जाणारा आणि बाहेरचा वेगळा, हा विवेक त्यात दिसतो. टाके फार दूर घातले तर जखमेच्या ओठांना वेदना होतात, फार जवळ घातले तर कडा फाटतात, असेही तो बजावतो.

युरोपात जोसेफ लिस्टरने 1869 साली धमनी बांधण्यासाठी कार्बोलिक आम्लात मुरवलेल्या कॅटगटचा पुरस्कार केला. मेंढ्यांच्या आतड्यांपासून केलेला हा धागा शरीरात विरघळे, पण विरघळताना दाह निर्माण करी. 1970च्या सुमारास कमी दाह करणारे, विरघळणारे कृत्रिम धागे आले. रेशमाच्या विणलेल्या धाग्यात जंतूंना आसरा मिळतो. नायलॉनच्या एकपदरी धाग्यात तो कमी मिळतो.

मग वण धाग्यावरच ठरतो का? कार्ल लँगरने व्हिएन्नात 1861 साली मृतदेहांच्या त्वचेवर छिद्रे पाडून तिच्या ताणाच्या रेषा दाखवल्या. फानेनश्टीलने 1900 साली ओटीपोटावरचा आडवा छेद मांडला. त्याचा वण घडीत झाकला जातो. दोघांच्याही कामात धाग्यापेक्षा छेदाची दिशा महत्त्वाची आहे. त्वचेसाठी विरघळणारा धागा वापरला किंवा न विरघळणारा, दीर्घकाळानंतर वणाच्या रूपात सामान्यतः फारसा फरक उरत नाही. शिडीसारख्या आडव्या खुणा उमटतात त्या आवळून घातलेल्या आणि उशिरा काढलेल्या टाक्यांमुळे. पोटाचा भार खालच्या चिवट आवरणाने पेलला, तर त्वचेवर ताण येत नाही. त्वचेच्या आतून घातलेल्या सलग टाक्याच्या आडव्या खुणा राहत नाहीत.

धाग्याची निवड महत्त्वाची खरी, पण ती हाताच्या संयमाची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा 'वण दिसेल का?' या प्रश्नाला धाग्याचे नाव हे पुरे उत्तर नव्हे. छेद कुठे, ताण किती आणि टाके केव्हा काढणार, हेही रुग्णाला सांगितले पाहिजे. आयुष्यभर तो वण वागवायचा आहे तो त्यालाच.