ट्रॅकेबल (जिओकॅशिंग)

ट्रॅकेबल ही जिओकॅशिंग या छंदातील, स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असलेली प्रवासी वस्तू होय. जिओकॅशिंगमध्ये जीपीएस यंत्र किंवा मोबाइल वापरून, दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर लपवलेली पेटी शोधतात. पेटी आणि तिच्यातील नोंदवही जागेवरच राहते. ट्रॅकेबल मात्र एका पेटीतून दुसऱ्या पेटीत नेण्यासाठीच असते. ज्याला ती सापडते तो तिचा मालक होत नाही, केवळ वाहक होतो. त्यामुळे अनेक वर्षे कपाटात वा प्रवासी पिशवीत विसरून राहिलेली ट्रॅकेबल पुन्हा मार्गस्थ करणे हे या छंदातील एक कर्तव्य मानले जाते.

इतिहास

जीपीएसच्या नागरी संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी अमेरिकेने २ मे २००० रोजी दूर केली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ पहिली पेटी ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी 'जिओकॅशिंग डॉट कॉम' हे संकेतस्थळ सुरू केले. 'ट्रॅव्हल बग' नावाचे ट्रॅकेबल आणि 'जिओकॉइन' ही नाणी २००१ मध्ये प्रचारात आली. उल्मर यांच्या पेटीतील घेवड्याचा हवाबंद डबा पुढे त्याच परिसरात सापडला व त्यालाही ट्रॅकेबलचा दर्जा मिळाला.

अवकाशयात्री रिचर्ड गॅरियट यांनी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पेटीची नोंद केली. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या बग्गीवरील एका चकतीवरही ट्रॅकेबलचा सांकेतिक क्रमांक कोरलेला आहे.

स्वरूप

ट्रॅव्हल बग म्हणजे क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला. तो साखळीने एखाद्या खेळण्याला किंवा लहान वस्तूला अडकवतात. बिल्ला विकत घेताना त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्लाही मिळतो व तो मालक स्वतःजवळ ठेवतो. मूळ वस्तू हरवल्यास या दुसऱ्या बिल्ल्याने प्रवास पुन्हा सुरू करता येतो.

प्रत्येक ट्रॅकेबलला दोन क्रमांक असतात. एक संकेतस्थळावर सर्वांना दिसतो. दुसरा, म्हणजे मागोव्याचा क्रमांक, केवळ वस्तूवर असतो. वस्तू प्रत्यक्ष हाती आल्याचा पुरावा हाच क्रमांक असल्याने त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करू नये असा संकेत आहे.

नोंदीची पद्धत

पेटीतून वस्तू उचलल्यावर 'रिट्रीव्ह', पेटीत ठेवल्यावर 'ड्रॉप' आणि न उचलता केवळ पाहिल्यास 'डिस्कव्हर' अशी नोंद करतात. पेटीऐवजी अन्य ठिकाणी किंवा व्यक्तीकडून वस्तू मिळाल्यास 'ग्रॅब' ही नोंद होते. संकेतस्थळ दोन पेट्यांमधील सरळ रेषेतील अंतर मोजून एकूण प्रवास दाखवते. अनेक मालक वस्तूला उद्दिष्टही देतात. उदाहरणार्थ, समुद्रकिनारे पाहणे किंवा ठरावीक देशात पोहोचणे.

विसरलेली ट्रॅकेबल परत करणे

वस्तू साधारण दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ जवळ राहणार असेल, तर मालकाला कळवावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात घर बदलणे, आजारपण किंवा छंद सुटणे अशा कारणांनी वस्तू वर्षानुवर्षे अडकून पडतात. अशा वेळी पेटीचा किंवा ट्रॅकेबलचा मालक तिला 'हरवली' असे नोंदवतो व तिचा ठावठिकाणा 'अज्ञात' असा दिसू लागतो. तथापि यामुळे क्रमांक रद्द होत नाही. वस्तू हाती असलेली कोणतीही व्यक्ती पुढील क्रमाने तिला पुन्हा प्रवाहात आणू शकते.

१. बिल्ल्यावरील क्रमांक संकेतस्थळावर भरून वस्तूचे पान, उद्दिष्ट आणि अखेरची नोंद पाहावी.
२. 'ग्रॅब' नोंद करून वस्तू कोठे, केव्हा सापडली व विलंब का झाला हे थोडक्यात व खरे लिहावे.
३. मालकाला संदेश पाठवून वस्तू टपालाने परत हवी की पुढे पाठवावी, हे विचारावे.
४. उत्तर न आल्यास उद्दिष्टाशी सुसंगत, पुरेशा मोठ्या आणि वर्दळीच्या पेटीत ती ठेवून 'ड्रॉप' नोंद करावी.

विलंबाची कबुली देण्यास संकोच वाटून अनेक जण वस्तू परतच करत नाहीत. मालकासाठी मात्र वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्या प्रवासाची नोंद मोलाची असते. उशिरा आलेली नोंदही तुटलेला धागा जोडते.

कोयनानगरसारख्या परिसरातील मर्यादा

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगर साधारण १७ अंश २४ मिनिटे उत्तर अक्षांश व ७३ अंश ४५ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, त्यामुळे पेटीचे स्थान मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे दोन मीटरांच्या आत, लिहितात. येथे वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा हवामानात धातूचा बिल्ला टिकतो, पण कापडी खेळणे व कागदी नोंदवही हवाबंद डब्याशिवाय टिकत नाही.

धरणांसारख्या संवेदनशील जागी पेटी ठेवू नये, असा छंदाचाच नियम आहे. कोयना अभयारण्य (१९८५) हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तेथे प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी लागते.

तत्सम पद्धती

क्रमांक वाचून कळवणाऱ्या अनोळखी माणसावर विसंबणारी पद्धत जिओकॅशिंगपेक्षा जुनी आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ पासून पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालण्यास सुरुवात केली. कडे सापडल्यास संस्थेला कळवावे असा मजकूर त्यावर असतो. कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरला जाता येते. तेथील किनाऱ्यावर जानेवारी २०२५ मध्ये अंडी घालण्यास आलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या परावर ०३२३३ या क्रमांकाचा बिल्ला आढळला. हा बिल्ला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावला होता. बिल्ल्याचा क्रमांक वाचून कळवला गेल्यामुळेच पूर्व किनाऱ्यावरील कासव पश्चिम किनाऱ्यावरही घरटे करते, हे समजले.

हे सुद्धा पहा

जीपीएस
कोयना धरण
सह्याद्री व्याघ्र प्रकल्प
ऑलिव्ह रिडले कासव