बंदोबस्ताच्या समीकरणाची कुळकथा

ज्या कोलार नदीच्या धरणातून भोपाळला पाणी मिळते आणि जिच्या नावाने इथला कोलार रोड ओळखला जातो, तिच्या जलात, कोणत्याही जलाशयाप्रमाणेच, जिवाणू आणि त्यांना ग्रासणारे विषाणू यांचा संग्राम अहोरात्र चालू असतो. त्या संग्रामातील जिवाणूंच्या बंदोबस्ताला गणित कसे लाभले, ही हकीकत मला विज्ञानेतिहासातील अत्यंत मनोहर वाटते.

सन 1952 मध्ये साल्वादोर लुरिया व मेरी ह्यूमन यांनी दाखविले की एका जिवाणूत वाढलेला विषाणू दुसऱ्यात निष्प्रभ ठरू शकतो. त्याला निमित्त झाली एक फुटलेली काचनळी आणि शेजारच्या सहकाऱ्याकडून मागून आणलेले आमांशाचे जिवाणू. 1962 मध्ये वेर्नर आर्बर व डेझी दुसॉय यांनी परक्या डीएनएचे तुकडे होतात हे दाखविले. स्वकीय डीएनए मिथिल गटाच्या खुणेमुळे वाचतो, हे मागाहून उलगडले.

परंतु खरा पेच वेळेचा होता. परका डीएनए कापणारे विकर व स्वकीयावर खूण करणारे विकर घडविणारी जनुकांची जोडी नव्या पेशीत शिरते, तेव्हा तिथे एकही खूण नसते; सहा अक्षरांचा क्रम शोधणाऱ्या कापणाऱ्या विकराला ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएतील सुमारे 46 लक्ष अक्षरांत, 4096 मागे एक या हिशेबाने, अकराशेच्या आसपास स्थाने सापडावीत. घरच्या माणसांना दाखले वाटण्यापूर्वीच पहारेकऱ्याला तलवार चालविण्याची मुभा द्यावी, तसा हा प्रकार. 1991 मध्ये रॉबर्ट ब्लूमेंथल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापणाऱ्या विकराच्या आगमनाला विलंब घडवू शकणारे नियामक जनुक वर्णिले. त्याचे प्रथिन आरंभी अत्यल्प असते. त्याची एक जोडी डीएनएवर बसली की ते स्वतःचे व कापणाऱ्या विकराचे उत्पादन वाढविते, आणि दुसरी जोडी शेजारी बसली की तेच उत्पादन रोखते.

हे समीकरणात मांडण्याची रीत मात्र आली शत्रूच्या घरातून. लॅम्डा या विषाणूचे दमनकारी प्रथिन डीएनएवरील कोणकोणत्या स्थानी किती संभाव्यतेने बसते, याचा ऊष्मागतिकीय हिशेब गॅरी ॲकर्स, अलेक्झांडर जॉन्सन व मॅडलिन शी यांनी 1982 मध्ये मांडला होता. जिवाणूच्या नियामक प्रथिनाची घडणही लॅम्डाच्या त्या प्रथिनाशी जुळणारी निघाली. तेव्हा तो हिशेब इथे चालावा यात मला योगायोग दिसत नाही. 2008 मध्ये बोग्दानोव्हा, जॉर्जेविच, सेवेरिनोव्ह प्रभृतींनी एएचडी-एक या कापणाऱ्या व खूण करणाऱ्या जनुकांच्या प्रणालीसाठी तशीच समीकरणे रचली. आणि त्याच वर्षी म्रुक व ब्लूमेंथल यांनी दुसऱ्या एका प्रणालीत, जनुके नव्या पेशीत शिरल्यावर खूण करणारे जनुक आधी व कापणारे काही मिनिटांनी कार्यरत होते, हे प्रत्यक्ष मोजून दाखविले.