सेकंड हँड आर१५ घेताय? व्ही २, व्ही ३ की व्ही ४ हे ठरवण्याआधी पुढचं चाक बघा

परवा आतेभावाचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, "दादा, यातली कुठली घेऊ?" खाली तीन यामाहा आर१५ चे फोटो. एक २०१४ ची व्ही २, एक व्ही ३ (विकणारा म्हणतो २०१९ ची) आणि एक २०२१ ची व्ही ४. तो राहतो सुरगाणा तालुक्यात. यंदाच्या स्ट्रॉबेरीचे पैसे हातात आहेत आणि बोरगाव-हतगड-सापुतारा रस्त्यावर त्याची दर आठवड्याला चक्कर असते. स्पोर्ट्स कार आपल्याकडे मोबाइलच्या वॉलपेपरवर असते, दारात उभी राहते ती आर१५. म्हणून त्याला जे उत्तर दिलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

चार पिढ्या थोडक्यात

पहिली आर१५ भारतात २००८ मध्ये आली. १५० सीसीच्या गाडीत लिक्विड कूलिंग, फ्युएल इंजेक्शन आणि सहा गिअर ही तेव्हा मोठी गोष्ट होती. २०११ मध्ये व्ही २ आली. इंजिन तेच, पण मागचा स्विंगआर्म अॅल्युमिनियमचा, मागचा टायर बराच रुंद आणि सीट दोन भागांत. २०१८ च्या व्ही ३ मध्ये इंजिनच नवीन, १५५ सीसीचं. २०२१ च्या व्ही ४ मध्ये पुढे उलटे (यूएसडी) फोर्क, ट्रॅक्शन कंट्रोल, मोबाइलला जोडणारं ब्लूटूथ आणि काही मॉडेलमध्ये क्लच न दाबता गिअर वर टाकता येणारा क्विकशिफ्टर आला. मधेच कुठे 'आर१५ एस' दिसली तर गोंधळू नका. ती एकसंध सीटवाली, व्ही २ वरही निघाली आणि व्ही ३ वरही.

व्ही १ चा विषय इथेच संपवतो. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे या गाड्यांची मुदत एक तर संपली आहे किंवा संपत आली आहे. आरटीओत नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरायची हौस असेल तरच त्या वाटेला जा.

ताकद: आकडे नीट वाचा

व्ही १ आणि व्ही २ ची ताकद १७ पीएस. पहिल्या व्ही ३ ची १९.३. बीएस६ नियम आल्यावर तीच व्ही ३ १८.६ वर आली आणि व्ही ४ ची आहे १८.४. म्हणजे सगळ्यात नवी गाडी सगळ्यात ताकदवान नाही! शिवाय ही वाढीव ताकद मिळते १०,००० आरपीएमला. घाटात, मागे कुणीतरी बसलेलं असताना तुम्ही तिथे पोचतच नाही. चढावर जो ओढ देतो तो टॉर्क व्ही २ ला १५ न्यूटन-मीटर आणि व्ही ४ ला १४.२. म्हणजे जवळपास तेवढाच.

फरक पडतो तो व्हीव्हीएमुळे, आणि ते व्ही ३ पासून आहे. तुमच्या फोनच्या प्रोसेसरमध्ये कमी वीज खाणारे छोटे कोअर आणि जड कामासाठी मोठे कोअर असतात ना, तसंच काहीसं. इनटेक व्हॉल्व्ह उघडायला दोन वेगवेगळ्या आकारांचे कॅम. ७,४०० आरपीएमपर्यंत एक काम करतो, त्यापुढे ईसीयू दुसऱ्यावर नेतो. त्यामुळे खालचा जोर न गमावता वरची धाव मिळते. पण माझ्या मते भावासाठी त्याहून कामाचा आहे व्ही ३ आणि व्ही ४ मधला स्लिपर क्लच. उतारावर घाईत दोन गिअर खाली टाकले तरी मागचं चाक पटकन अडत नाही.

खरी रेघ २०१९ ची

कॉलेजला असताना मी व्ही २ चालवायचो. पावसाळ्यात घरी येताना एका वळणावर समोर गाय आली, मी पुढचा ब्रेक दाबला, चाक अडलं आणि क्षणात गाडी आडवी. मनगटावर निभावलं, समोरून ट्रक नव्हता म्हणून. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवाळलेला डांबरी रस्ता वेगळा सांगायला नको.

एबीएस याचसाठी असतं. चाकाजवळचा सेन्सर वेग मोजत राहतो. चाक अडायला लागलं की ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडला-धरला जातो, चाक फिरत राहतं आणि हँडल तुमच्या ताब्यात राहतं. सैल खडीवर गाडी थांबायला कधी जास्त अंतर लागू शकतं, जादू नाहीये ती. पण ओल्या वळणावर पडणं आणि न पडणं यातला फरक हाच असू शकतो.

आता गंमत बघा. व्ही १ ला एबीएस नाही, व्ही २ ला नाही आणि २०१८ च्या व्ही ३ लाही नाही. २०१९ च्या सुरुवातीला व्ही ३ ला दोन्ही चाकांचं एबीएस आलं, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं होणार होतं. तोवर २०१८ मध्ये बनलेल्या गाड्या २०१९ मध्ये पासिंग होऊन विकल्या जाऊ शकत होत्या. म्हणून "२०१९ ची आहे" यावर विश्वास नको. आरसी बुकवर उत्पादनाचा महिना-वर्ष बघा आणि चाकाशी वाका. डिस्कच्या आत खाचा असलेली छोटी रिंग आणि तिच्याजवळ वायरचा सेन्सर हवा. किल्ली फिरवल्यावर मीटरवर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तरी संशय घ्या.

इंजिन आणि कागदपत्रं

आर१५ चा सिलिंडर 'डायसिल' म्हणजे अॅल्युमिनियम-सिलिकॉनचा, आत लोखंडी लायनर नाही. त्यामुळे धूर मारायला लागली की "बोअर करून घेऊ" हे इथे चालत नाही, सिलिंडरच बदलावा लागतो. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा प्या, तासाभराने परत बघा. कूलंटच्या टाकीत साधं पाणी भरलेलं दिसलं तर मालकाने बाकी काय केलं असेल याचा अंदाज येतो.

एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि विमा तपासा. आमच्याकडे सीमा जवळ, त्यामुळे जीजे नंबरच्या गाड्या स्वस्तात दिसतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की ती स्वस्ताई बरीच आटते. इथली गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

व्ही ४ बजेटमध्ये बसत असेल तर ट्रॅक्शन कंट्रोलसाठी घ्या, ब्लूटूथसाठी नको. मीटरवर मिस्ड कॉल दिसावा म्हणून एवढे जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. नसेल बसत तर एबीएसवाली व्ही ३ घ्या. व्ही २ शहरात, सपाट रस्त्यावर, सांभाळून चालवणाऱ्यासाठी अजूनही गोड गाडी आहे. भावासाठी नाही.

व्ही ४ त्याच्या बजेटबाहेर गेली. "२०१९ ची" व्ही ३ बघायला तो गेला आणि पुढच्या चाकाचा फोटो पाठवला. रिंग नव्हती, आरसीवर उत्पादन २०१८ चं. सध्या मामांच्या जुन्या कम्युटरवर क्रेट बांधून फिरतोय. रविवारी नाशिकला दुसरी एक व्ही ३ बघायची आहे, आणि यावेळी चाकाचा फोटो त्याने आधीच मागवलाय.