गेंडा (काष्ठठसा)

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याचे १५१५ मधील छापचित्र. आकार सुमारे २१ × ३० सेंमी. प्राण्यांच्या काष्ठठशांत सर्वांत गाजलेले, आणि प्राणिशास्त्राच्या कसोटीवर बरेच चुकलेले.

गेंडा मूळ इकडचाच. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला नजर केला, आणि गोव्याहून तो जहाजाने २० मे १५१५ रोजी लिस्बनला पोहोचला. ‘गंडा’ हे नावही त्याच्याबरोबर गेले. न्यूरेम्बर्गमध्ये बसलेल्या ड्यूररने जनावर पाहिलेच नाही. एक वर्णन आणि कुणाचे तरी कच्चे रेखाटन एवढ्यावर त्याने काम केले. त्यामुळे कातडीच्या घड्यांचे चिलखती पत्रे झाले, पायांवर खवले आले आणि खांद्यावर एक जादा शिंगुट उगवले. मथळ्यात सालही १५१३ असे चुकीचे पडले आहे.

तरीही नजर हटत नाही, ती कोरणीमुळे. काष्ठठशात जी रेघ काळी हवी ती शिल्लक ठेवून भोवतीचे लाकूड काढतात. पेनाने दोन फटकाऱ्यांत फुली होते. इथे रेघा एकमेकींना छेदतात तिथली प्रत्येक पांढरी चौकट सुरीने स्वतंत्र उकरावी लागते, आणि हात घसरला तर रेघ गेलीच. बरगड्यांवरच्या कमानी, पायांवरची खवल्यांची जाळी, कातडीवरचे ठिपके, सारे असे राखलेले लाकूड आहे. हे कोरणे बहुधा ड्यूररचे नव्हे, त्या धंद्यातल्या कारागिराचे. त्याचे नाव चित्रावर नाही. छाप उलटी उमटते, म्हणून ब्रिटिश म्युझियममधल्या मूळ रेखाटनात डावीकडे पाहणारा गेंडा छापात उजवीकडे वळला. शिंग चौकटीला टेकेल इतका तो तीत ठासून बसवला आहे. त्याचे वजन तिथेच जाणवते.

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही गेंडा छापला. तो खऱ्या जनावराच्या अधिक जवळचा, पायांत बेडी असलेला; पण त्याची एकच प्रत आज ज्ञात आहे. ड्यूररचा मात्र खपत राहिला आणि गेस्नरच्या १५५१ च्या प्राणिग्रंथातही शिरला. खुद्द गेंडा १५१६ च्या सुरुवातीला, पोपला भेट म्हणून जात असताना, इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

ठशाच्या फळीला पुढे कीड लागली, भेग पडली. उशिराच्या प्रतींत या जागा पांढऱ्या दिसतात. १६२० च्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या विलेम यान्सेनने रंगछटेची दुसरी फळी जोडून हीच झिजलेली फळी पुन्हा छापली.