पुण्याची बाळे, साउदॅम्प्टनची बाळे

दोन देशांतील विद्यापीठांनी सहकार्याचा करार केला की वर्तमानपत्रात सह्या करणाऱ्यांचे छायाचित्र छापून येते. अशा सहकार्यातून विज्ञान पुढे कसे जाते, हे मात्र त्या छायाचित्रात दिसत नाही. ते समजून घेण्यासाठी आपण पुण्याजवळची सहा गावे आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठ यांचा इतिहास पाहू.

या इतिहासाची सुरुवात जुन्या नोंदवह्यांपासून होते. इंग्लंडच्या हार्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली प्रत्येक बाळाचे जन्माच्या वेळचे आणि एक वर्षाचे वजन लिहून ठेवले जाई. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी या वह्या मिळवल्या आणि त्यांतील ५६५४ पुरुषांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला. तान्हेपणी ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण जास्त होते. हा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ मध्ये मधुमेहाबाबतही असाच संबंध आढळला. प्रौढपणीच्या रोगाची मुळे गर्भावस्थेत असू शकतात, हा विचार त्या काळी नवा होता.

आपल्याकडे कमी वजनाची बाळे पिढ्यान्‌पिढ्या जन्मत आली आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचा अभ्यास करत होते. भारतीयांना हा रोग युरोपीयांपेक्षा कमी वयात आणि फारसे लठ्ठ नसतानाही होतो. असे का व्हावे?

हार्टफर्डशायरच्या वह्यांत याचे उत्तर नव्हते. बाळाचे वजन किती हे त्या सांगत. पण त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे सांगत नसत. त्यासाठी दोन्ही देशांतील नवजात बाळे एकाच पद्धतीने मोजायला हवी होती. हे काम कोणा एका संस्थेला एकटीने जमणारे नव्हते. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू झाला. साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यात सहभागी होत्या. स्त्रियांच्या नोंदी गर्भ राहण्याआधीपासूनच ठेवल्या गेल्या.

पुण्याकडील ६३१ आणि साउदॅम्प्टनमधील ३३८ बाळांची तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर तिकडच्या बाळांचे ३.५ किलोग्रॅम होते. दंडाचा आणि पोटाचा घेरही आपल्या बाळांचा बराच कमी होता. पाठीवरच्या त्वचेच्या घडीची जाडी मात्र त्या मानाने थोडीच कमी भरली. त्वचेखालची चरबी या घडीवरूनच अजमावतात. म्हणजे बाळ दिसायला बारीक, पण शरीरातील चरबीचा वाटा राखून जन्मलेले!

याच गोष्टीचे एक गमतीदार उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांचाही शरीरभार निर्देशांक (किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली.

पुढे २००८ मध्ये आणखी एक धागा हाती आला. त्या सहा गावांतील सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी पण फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा रोध सर्वाधिक आढळला. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणून २०१२ पासून याच अभ्यासातील, आता किशोरवयात आलेल्या मुलामुलींना ब-१२ देऊन त्याचा पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहणारा प्रयोग हाती घेण्यात आला.

या सहकार्यात पुणे केवळ नमुने पुरवणारे केंद्र राहिले नाही. मूळ कल्पना इंग्लंडची होती. पण ‘वजन कमी, चरबी नव्हे’ आणि ‘ब-१२ कमी’ या गोष्टी इथल्या माणसांच्या मोजणीतून पुढे आल्या आणि त्यांनी मूळ कल्पनेत भर घातली. आमच्या मते बरोबरीचे सहकार्य ओळखण्याची खूण हीच: दोन्ही बाजूंना स्वतःचे प्रश्न विचारता आले पाहिजेत.

कामठ्यासारख्या गावातील शाळेतही मुलांची उंची आणि वजन नोंदले जाते. शिक्षकांनी वरच्या वर्गाला ती नोंदवही दाखवून विचारावे: हे आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत, आणि ते कळण्यासाठी आणखी काय मोजावे लागेल? नीट ठेवलेल्या वहीचे मोल कधीकधी सत्तर वर्षांनंतर कळते.