घारापुरीचा दुसरा डोंगर : स्तूप पाहायला जाणाऱ्यांसाठी माहिती

घारापुरी म्हणजेच एलिफंटा हे बेट गेटवे ऑफ इंडियापासून समुद्रमार्गे सुमारे १० ते ११ किलोमीटरवर आहे. लाँचने तासाभरात पोहोचता येते. मुंबईहून जात असलो तरी बेट मुंबईत येत नाही. ते रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात आहे. बेटावर दोन डोंगर आहेत. पश्चिमेकडच्या डोंगरात जगप्रसिद्ध शैव लेणी आहेत. पूर्वेकडच्या डोंगराला ‘स्तूप टेकडी’ म्हणतात, कारण तिथे विटांचा एक प्राचीन बौद्ध स्तूप आहे. रोज शेकडो पर्यटक पहिला डोंगर पाहून परततात. दुसऱ्या डोंगराकडे फार थोडे जण जातात.

आम्ही वस्तीतील अभ्यासवर्गाच्या तरुणांना आणि काही उपासिकांना घेऊन गेलो तेव्हा जेट्टीवरच एकाने सांगितले, “तिकडे काही नाही हो, नुसतं रान आहे.” सांगणाऱ्याचा दोष नाही. त्याला विचारणारेच कोणी नसतात. पण आपल्या समाजातून लेणी पाहायला निघणाऱ्यांची संख्या आता वाढली आहे. त्यांना तिकडे काय आहे, आणि काय नाही, हे दोन्ही माहीत असावे म्हणून ही नोंद.

आधी नेहमीच्या वाटेने. लाँच शेतबंदरच्या जेट्टीला लागते. जेट्टी लांब आहे. चालायचे नसेल तर छोटी गाडी मिळते. पुढे दुकानांच्या मधून शंभराहून अधिक पायऱ्या चढल्या की पहिले, म्हणजे सर्वांत मोठे लेणे येते. ज्येष्ठांसाठी डोलीची सोय असते. हे लेणे साधारण सहाव्या शतकातले मानले जाते. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली आहेत, त्यावरून बरेच अभ्यासक ते कलचुरींच्या काळाशी जोडतात. सुमारे सहा मीटर उंचीची त्रिमुखी सदाशिवाची मूर्ती, अर्धनारीश्वर, गंगाधर, कैलास हलवणारा रावण ही शिल्पे पाहण्यासारखी आहेत आणि त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

या लेण्याच्या उत्तर दाराशी एक शिल्प आहे, तिथे आमच्या गटातले सगळे थांबले. कमळावर पद्मासनात बसलेली शांत मूर्ती, हात तुटलेले, खाली कमळाचा देठ धरलेले दोन नाग. “हे तर बुद्धच!” असे दोघे-तिघे एकदम म्हणाले. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतही हेच छायाचित्र ‘एलिफंटा मूळची बौद्ध लेणी’ या मथळ्याखाली येते. बंधुभगिनींनो, हे शिल्प योगीश्वर शिवाचे आहे. तिथल्या इतर शिल्पांच्या मांडणीत ते नीट बसते आणि अभ्यासकांत त्याबद्दल दुमत नाही. पण ते बुद्धासारखे का दिसते, हा प्रश्न मात्र चांगला आहे. कमळावरचे आसन, देठ धरणारे नाग ही रचना कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत दिसते, आणि कान्हेरी काही फार लांब नाही. या किनाऱ्यावरच्या कारागिरांच्या हाताला बौद्ध शिल्पाची ओळख होती, एवढे यावरून नक्की म्हणता येते. आम्हाला तरी ‘सगळे आमचेच होते’ या घोषणेपेक्षा हे विधान जास्त मोलाचे वाटते, कारण ते उद्या कोणी खोडू शकत नाही.

खोडता न येणारा पुरावा किती महत्त्वाचा असतो, हे या बेटानेच दाखवले आहे. १५३४ मध्ये बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. मोठ्या लेण्यात एक शिलालेख होता, तो त्यांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि पुढे तो कायमचा हरवला. अशी नोंद दिओगो दो कूतो या त्यांच्याच इतिहासकाराने करून ठेवली आहे. तो एक दगड असता तर लेणी कोणी कोरली यावरचा अर्धा वाद मिटला असता. ज्या दगडी हत्तीमुळे बेटाला ‘एलिफंटा’ नाव पडले, तो तरी वाचला. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो फुटला. नंतर तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मुलांना घेऊन जाणार असाल तर हा हत्ती आधी दाखवा, बेटाची गोष्ट त्यांना पटकन कळते.

आता दुसऱ्या डोंगराकडे. पश्चिम डोंगरावरची पाच लेणी पाहून झाली की मधल्या घळीला वळसा घालून पलीकडे जावे लागते. तिथे सहावे लेणे आहे. लोक त्याला सीताबाईचे देऊळ म्हणतात. पुढे खांबांची ओसरी, आत दालन आणि मागे तीन खोल्या. मधल्या गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. पोर्तुगीज काळात याचा चर्च म्हणून वापर झाला. त्याच्या पुढे सातवे लेणे लहान आहे आणि अर्धवट सोडलेले आहे. खडकात दोष निघाल्यामुळे काम थांबले असावे असे मानतात. अनेक पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर ‘बेटावर पाच हिंदू आणि दोन बौद्ध लेणी’ असे सरळ लिहिलेले असते. आम्ही ते वाक्य जपून वापरतो. या दोन्ही लेण्यांत बुद्धमूर्ती किंवा कोरलेला स्तूप नाही, आणि सहाव्याची रचना देवळासारखीच आहे.

बौद्ध पुरावा त्याच्या पुढे आहे. सातव्या लेण्यापलीकडे एक कोरडे पडलेले तळे लागते. त्याच्या काठाने खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. भिक्खूंसाठी पोढी खोदून देणे हे मोठे दान समजले जाई आणि दान देणारा आपले नाव, गाव कोरून ठेवी. टाक्यांपासून जवळच, डोंगराच्या उत्तर सोंडेच्या टोकाला स्तूप आहे. स्तूप म्हणून डोळ्यांसमोर सांची आणाल तर निराशा होईल. दिसतो तो मातीचा, गवताने झाकलेला उंचवटा. माती सरकली आहे तिथे विटा दिसतात. मूळचा स्तूप यापेक्षा बराच उंच होता आणि तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचा असावा, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. म्हणजे शिवलेणी कोरली जाण्याच्या सहा-सातशे वर्षे आधी या बेटावर बौद्ध वावर होता.

आमच्यातल्या एका आजींनी चप्पल काढून हात जोडले आणि मग विचारले, “इथं समुद्रात कोण येत होतं स्तूप बांधायला?” याचे उत्तर त्याच टेकडीवरून दिसते. पूर्वेला जेएनपीटी बंदराच्या क्रेन उभ्या आहेत, खाडीतून मालवाहू जहाजे जातात. दोन हजार वर्षांपूर्वीही हा जहाजांचाच रस्ता होता. बेटाच्या किनाऱ्यावर रोमन धाटणीच्या मातीच्या कुंभांचे तुकडे सापडले आहेत. उत्तरेला सोपारा, आत कल्याण, दक्षिणेला चौल अशी बंदरे होती आणि या तिन्ही ठिकाणच्या दात्यांची नावे कान्हेरीच्या लेखांत आहेत. व्यापारी, कारागीर, भिक्खू एकाच वाटेने ये-जा करत. म्हणून घारापुरीचा स्तूप एकटा पाहू नये. सोपारा आणि कान्हेरी यांच्याबरोबर पाहावा.

सोपाऱ्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. नालासोपाऱ्यातला तो ढिगारा लोकांच्या तोंडी ‘बुरुड राजाचा कोट’ होता. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आत विटांचा स्तूप, दगडी पेटी, तिच्यात करंडक आणि भोवती आठ लहान बुद्धमूर्ती मिळाल्या. करंडकात भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे होते. त्यातल्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. एका अभ्यासकाने शिस्तीत काम केले म्हणून ढिगाऱ्याचा इतिहास झाला. घारापुरीच्या उंचवट्याला अजून अशी प्रसिद्धी मिळालेली नाही. आम्ही गेलो तेव्हा त्याची नीट माहिती देणारा मराठी फलक आम्हाला वाटेत कुठे दिसला नाही. तो मागण्याचा अर्ज आपल्या संस्थांनी जरूर करावा, भाषा साधी आणि दावा पुराव्याइतकाच ठेवून.

तोवर आपण काय टाळायचे तेही सांगतो. स्तूपावर चढू नये. वीट किंवा खापराचा तुकडा ‘आठवण’ म्हणून उचलू नये. जागेवरून हललेली वीट अभ्यासाच्या कामाची राहत नाही. झेंडा रोवणे, मेणबत्त्या-अगरबत्त्या लावणे, दगडांना रंग देणे यांतले काहीही नको. वंदना घ्यायची तर थोडे अंतर ठेवून, उभ्याने घ्यावी. आमच्या गटातल्या दोन तरुणांना हे पटले नव्हते. “ते लोक देवळं बांधतात, आपण साधा झेंडा पण नाही लावायचा?” हा त्यांचा प्रश्न राग म्हणून समजण्यासारखा आहे. पण स्तूप आपला आहे असे म्हणायचे तर त्याची पहिली नासधूस आपल्या हातून होता कामा नये, एवढेच आम्ही सांगू शकलो. परतताना त्यातल्या एकाने वाटेतल्या प्लास्टिकच्या बाटल्या पिशवीत भरून आणल्या.

बेटावर माणसेही राहतात, हे पर्यटक विसरतात. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्यांत मिळून हजार-बाराशे लोक आहेत. मासेमारी, थोडी शेती आणि आता मुख्यतः पर्यटकांवर चालणारी दुकाने, खानावळी यांवर त्यांचे घर चालते. जागतिक वारसा जाहीर झाला १९८७ मध्ये, आणि समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली एकतीस वर्षे संध्याकाळचे काही तास डिझेल जनरेटर चाले. पुढचे शिक्षण आणि दवाखाना यांसाठी आजही होडीवाचून इलाज नाही. जेवण घरून न नेता तिथल्या बायकांच्या खानावळीत घेतले तर दोन पैसे तिथे राहतात. आम्ही तसे केले आणि बेटाची खरी माहिती आम्हाला तिथेच मिळाली.

जाण्याबद्दल थोडे. लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास लाँच सुरू होतात. स्तूप पाहायचा असेल तर पहिल्या-दुसऱ्या लाँचनेच निघावे, नाहीतर मोठ्या लेण्यातच दुपार होते. मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात. हिवाळ्यातला दिवस सर्वांत चांगला. स्तूपाच्या वाटेवर दुकान नाही, पाणी सोबत हवे. माकडे हातातली पिशवी ओढतात, खाऊ दाखवत फिरू नये. गट मोठा असेल तर दोन माणसे पुढे आणि दोन मागे ठेवावीत, कारण पलीकडच्या डोंगरावर वाट गवतात हरवते.

आणि लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचा जीव गेला. चढल्याबरोबर जॅकेट मागून घ्या, अंगात घाला, लहान मुलांच्या मापाचे आहे का ते पाहा. नसेल तर त्या लाँचने जाऊ नका; पुढची येतेच.